लाल त्रिकोण राखाडी कसा झाला?

मागच्या महिन्यात चार दिवस पहूरला घरी होते. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. चुलतभावाने मोबाइलवर एक क्लिप लावली : 'आणीबाणी, आता रंगात!' मूळची कृष्णधवल क्लिप कुणीतरी ॲपमध्ये टाकून रंगवली होती. रस्त्यावरची गर्दी, पांढऱ्या टोप्या, एक जीप, आणि मागे भिंतीवर कुटुंब नियोजनाची जाहिरात. आजोबांनी ती दोनदा पाहिली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता चौऱ्यांशीचे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोट ठेवलं ते गर्दीवर नाही, भिंतीवर.

"हा त्रिकोण असा मातकट काहून झाला? मले त लालच याद आहे. लालभडक."

चार चेहरे आणि खाली टोक असलेला लाल त्रिकोण. १९६०च्या दशकापासून हे कुटुंब नियोजनाचं चिन्ह देशभरातल्या भिंतींवर होतं. ॲपने त्याला तपकिरी केलं होतं.

तुम्ही म्हणाल, ॲपची चूक आहे, यात संशोधनासारखं काय? मलाही आधी तसंच वाटलं. पण परत विद्यापीठात आल्यावर हा त्रिकोण डोक्यातून जाईना. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. माझं काम रंग घालवण्याचं आहे. मेथिलीन ब्लूच्या द्रावणात उत्प्रेरक टाकायचा, प्रकाशाखाली ठेवायचं, दर पंधरा मिनिटांनी नमुना काढून ६६४ नॅनोमीटरला शोषण मोजायचं. निळा रंग हळूहळू नाहीसा होतो आणि माझा आलेख खाली येतो. आता मात्र प्रश्न उलटा होता : गेलेला रंग परत आणता येतो का? आणि जुन्या फिल्ममध्ये रंग असला किंवा नसला, तर त्या काळच्या सत्तेबद्दल आपलं मत किती बदलतं? मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. पण हा प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुराव्याशी तुमचा-माझा रोजचा संबंध आहे.

आधी छोटासा प्रयोग

घरून निघण्याआधी शेजारच्या गावातल्या एका जुन्या भिंतीवरच्या, अजून शिल्लक असलेल्या लाल त्रिकोणाचा फोटो काढला होता. त्यातला रंग काढून टाकला आणि तो कृष्णधवल फोटो तशाच एका ॲपला दिला. वेगवेगळ्या कोनांतले तीन फोटो दिले. दोन वेळा त्रिकोण तपकिरी आला, एकदा करडा-निळसर. लाल एकदाही आला नाही. तीन फोटोंवरून पेपर निघत नाही हे मला माहीत आहे, पण कारण समजायला एवढं पुरेसं आहे.

कॉम्प्युटरवर रंगीत चित्र राखाडी करण्याचं एक नेहमीचं सूत्र आहे : लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग एकत्र करायचे. शुद्ध लाल, म्हणजे (२५५, ०, ०), या सूत्रात घातला की उत्तर येतं ७६. मध्यम गडद हिरवा, म्हणजे (०, १३०, ०), घातला तरी उत्तर ७६च! म्हणजे दोन वेगळे रंग एकाच राखाडीत जाऊन बसले. आता तुमच्या हातात फक्त ७६ आहे. मूळ रंग सांगा बरं? सांगता येत नाही. माहिती गेली ती गेली. फिल्मवरची राखाडी या सूत्राने ठरत नाही, पण अडचण हीच असते.

मग ॲप काय करतं? लाखो चित्रं पाहून 'अशा जागी साधारणपणे कोणता रंग असतो' याचा अंदाज बांधतं. खात्री नसेल तर सगळ्या शक्यतांच्या मधला, कोणाला फार न खटकणारा रंग देतं. सरासरी नेहमी मातकट असते. लालभडक त्रिकोण ही अपवादाची गोष्ट होती, आणि अपवाद सरासरीत मरतो.

म्हणून पहिली खूणगाठ बांधा : मूळ रंगीत फिल्म हा पुरावा असू शकतो. नंतर रंगवलेली फिल्म हा अंदाज असतो. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात.

आपली आणीबाणी कृष्णधवल का?

२५ जून १९७५च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७पर्यंतचे ते एकवीस महिने. त्याला हुकूमशाही म्हणायचं की नाही यावर वाद आहेत. शेवटी निवडणूक झाली आणि सरकार पडलं हे खरं. पण मूलभूत हक्क स्थगित, विरोधक तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, हेही खरं. आपण हुकूमशाहीच्या सर्वांत जवळ गेलो ते तेव्हा.

डोळे मिटून तो काळ आठवा. तुमचा-माझा तर जन्मही नव्हता, तरी काहीतरी चित्र दिसतं ना? ते कृष्णधवल असतं. त्या काळातलं रंगीत चित्रीकरण अजिबात नाही असं नव्हे, पण आपल्या मनात बसलेली चित्रं बहुतांशी दोन ठिकाणांहून आली. एक, मुंबईची फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था वार्तापट आणि माहितीपट काढायची आणि सिनेमा थिएटरांना मुख्य चित्रपटाआधी ते दाखवणं बंधनकारक होतं. खेड्यापाड्यात सरकारचं हलतं चित्र दिसायचं ते याच वाटेने. रंगीत कच्ची फिल्म महाग, त्यात परकीय चलनाचा प्रश्न, त्यामुळे वार्तापट बहुतांशी कृष्णधवलच राहिले. दुसरं ठिकाण दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण रंगीत प्रक्षेपण आलं ते थेट १९८२ साली.

यातली एक गंमत बघा. फेब्रुवारी १९७७मध्ये दिल्लीत जयप्रकाश नारायण यांची सभा होती. लोकांनी घरातच बसावं म्हणून त्याच दिवशी दूरदर्शनवर 'बॉबी' दाखवला गेला, असं सांगितलं जातं. 'बॉबी' रंगीत सिनेमा, पण टीव्ही कृष्णधवल. म्हणजे लोकांना गुंतवायला आणलेला रंगीतपणासुद्धा घरात पोचेपर्यंत राखाडी झाला होता.

आता दुसरी बाजू. मुंबईचे आनंद पटवर्धन तेव्हा तरुण होते. १९७४च्या बिहार आंदोलनावर त्यांनी 'क्रांती की तरंगें' हा माहितीपट केला, तोही उसने कॅमेरे आणि मिळेल ती स्वस्त फिल्म वापरून. आणीबाणी लागल्यावर त्याची प्रत तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. राजकीय कैद्यांवरचा 'ज़मीर के बंदी' १९७८चा. हे दोन्ही माहितीपट कृष्णधवल आहेत.

इथे मला आपल्या आणीबाणीच्या चित्रांमधली खरी अडचण दिसते. सरकारचा वार्तापट कृष्णधवल, सरकारविरोधी माहितीपटही कृष्णधवल. पन्नास वर्षांनी दोन्ही एकाच राखाडीत जाऊन बसलेत, त्या ७६ सारखे. यूट्यूबवरच्या एखाद्या व्हिडिओत दोन्हीकडचे तुकडे शेजारी-शेजारी चिकटवलेले असतात आणि आपण म्हणतो, 'जुनं फुटेज'. कोणी काढलं, कोणाच्या परवानगीने, कोणाच्या खर्चाने, हे विचारायचं राहून जातं. शिवाय राखाडी रंग मनाला सांगतो की हे फार जुनं आहे, संपलेलं आहे. पण त्या काळात पगार घेणारा माणूस माझ्या शेजारी ओट्यावर बसून चहा पीत होता!

रंग हा खर्च असतो

पहूरचे असाल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. फर्दापूरकडची गाडी धरली की तासाभराच्या आत अजिंठा. तिथल्या चित्रांमध्ये गेरू आणि पिवळी माती हे रंग जवळपासचे, पण निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द हा दगड अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा. इतक्या लांबून आणलेला निळा रंग भिंतीला लागतो तेव्हा त्यामागे कोणाची तरी थैली असते. सोळाव्या लेण्याचा दाता होता वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. चित्र सुंदर आहेच, पण निळा कोणाला परवडला हेही ते चित्र सांगतं.

फिल्मचंही असंच आहे. १९३५ साली १६ मिलिमीटरची कोडाक्रोम आली, पुढच्या वर्षी जर्मनीची नवी आग्फाकलर. घरी वापरायचा कॅमेरा आणि रंगीत फिल्म म्हणजे चैन होती. नाझी जर्मनीत ती चैन कोणाच्या हातात असणार? हिटलरची सोबतीण एव्हा ब्राउन आधी एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत काम करायची. तिने बर्गहोफच्या डोंगरातल्या बंगल्यावर बरंच चित्रीकरण केलं, त्यातलं काही रंगीत. युद्धानंतर ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेलं. १९७३च्या 'स्वस्तिका' या माहितीपटात ते वापरलं गेलं, तेव्हा कान महोत्सवात गोंधळ झाला. गच्चीवर ऊन, कुत्री, मुलांचे गाल ओढणारा हिटलर. लोकांना राग आला तो याचाच, की हा तर शेजारच्या काकांसारखा दिसतो.

मी या रागाच्या बाजूने पूर्ण नाही. रंगीत हिटलर माणूस दिसतो, आणि तो माणूसच होता. कृष्णधवल चित्रात तो सिनेमातला राक्षस वाटतो, आणि 'आपल्याकडे असं होणार नाही' म्हणायला आपण मोकळे होतो. रंगाने ती सोय काढून घेतली, हे चांगलंच झालं. पण त्या रिळांवर मुळात आवाज नव्हता. 'स्वस्तिका'त ओठांच्या हालचाली वाचून संवाद घातले गेले. रंग खरा असला की आपण शेजारचा आवाजही खरा धरून चालतो.

त्याहून मोठी गडबड पुढे आहे. २००९ची 'अपोकॅलिप्स' ही फ्रेंच मालिका घ्या. दुसऱ्या महायुद्धाचं कृष्णधवल चित्रीकरण त्यात रंगवलं आहे, आवाजही घातले आहेत. ज्यूंच्या संहाराची दृश्यं मात्र निर्मात्यांनी आदरापोटी कृष्णधवलच ठेवली. हेतू समजतो. परिणाम काय झाला? सैनिक आणि नेते रंगीत, आजच्यासारखे. आणि मेलेले लोक राखाडी, परत जुन्या काळात. इतक्या मेहनतीच्या मालिकेत हा तोल चुकलाय असं मला वाटतं. अंदाजाने भरलेल्या रंगांनीच कोण जवळचा आणि कोण लांबचा हे ठरवून टाकलं.

एका हिशेबनिसाची तक्रार

या विषयावर एकच फिल्म बघायची असेल तर पोलंडच्या दारिउश याब्लोन्स्की यांची 'फोटोआमातोर' (१९९८) बघा. वाल्टर जेनेवाइन नावाचा ऑस्ट्रियन माणूस लूजच्या ज्यू घेट्टोच्या जर्मन प्रशासनात हिशेबाचा प्रमुख होता. फोटो काढायचा छंद. त्याने घेट्टोच्या शेकडो रंगीत स्लाइड काढल्या. १९८७ साली त्या व्हिएन्नातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडल्या. कामाला लागलेले कारागीर, मालाचे ढीग, कोटांवरचे पिवळे तारे, सगळं नीट, टापटीप.

आणि त्याची पत्रं. जेनेवाइनने आग्फा कंपनीला तक्रार केली होती की स्लाइडवर तांबूस-तपकिरी झाक येते, हे बरोबर नाही. समोर माणसं उपाशी मरताहेत आणि याला रंगाच्या दर्जाची चिंता!

मला यात धक्का बसला तो वेगळ्या कारणाने. ते पत्र मीही लिहिलं असतं. रंगद्रव्याची शुद्धता, नोंदी, मोजमाप, 'झाक कुठून आली', अगदी माझ्या वहीतली भाषा. जेनेवाइन निष्काळजी नव्हता, उलट फार काळजीपूर्वक काम करायचा. त्याची पद्धत बरोबर होती, फक्त चौकटीत उभी असलेली माणसं त्याच्या प्रश्नातच नव्हती. तुम्ही सिनॉप्सिसमध्ये 'मेथडॉलॉजी' लिहाल तेव्हा हा माणूस आठवा.

याब्लोन्स्कींनी एक उलटापालट केली आहे. जेनेवाइनच्या स्लाइड रंगीत, आणि घेट्टोतून वाचलेले डॉक्टर आर्नोल्ड मोस्तोविच आजच्या काळात बोलतात ते कृष्णधवल. ते सांगतात की या चित्रांत जे दिसतं ते मी जगलो ते नव्हे. रंगाचा भपका आणि साक्षीदाराचा शब्द यांची अशी समोरासमोर गाठ मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तरी एक आक्षेप नोंदवते. फिल्म संपताना मनात एक समीकरण राहतं : रंगीत म्हणजे खोटं, कृष्णधवल म्हणजे खरं. लूजपुरतं ते चालेल. आपल्याकडे चालणार नाही, कारण आपल्या सरकारी प्रचाराचाही रंग कृष्णधवलच होता. खरं-खोटं रंगावरून ठरत नाही. कॅमेऱ्यामागे कोण आणि चौकटीबाहेर कोण, यावरून ठरतं.

चौकटीबाहेर

म्हणून मी दिवाळीला परत पहूरला गेले तेव्हा आजोबांना त्या त्रिकोणाबद्दल विचारलं. त्याआधी वाचून ठेवलं होतं : १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. १९७६मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झालं नाही.

आजोबा आधी भिंतीबद्दलच बोलले. शाळेची भिंत पिवळी रंगवली, त्यावर त्रिकोण काढला, पेंटरचा डबा सांडला तो लाल डाग पायरीवर कितीतरी दिवस होता. मग मास्तरांना 'केसेस' आणायला सांगितलं होतं, पगार अडकायची भीती होती.

"किती आणायच्या होत्या?" मी विचारलं.

"दोन."

"मग?"

"एक मी सोता गेलो."

मी गप्प बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "दुसरी कोन ते नको विचारू."

मी विचारलं नाही. हे लिहू का, एवढं विचारलं. म्हणाले, "लिही. माहं नाव नको टाकू."

या संभाषणाचं फुटेज कुठल्याच अभिलेखागारात नाही, रंगीतही नाही, कृष्णधवलही नाही. तो त्रिकोण लाल होता हे सांगणारा माणूस त्या त्रिकोणाखाली स्वतः गेला होता आणि आणखी एकाला घेऊनही गेला होता. कुठलीही क्लिप बघून मला हे कळलं नसतं. त्यांचा शब्द म्हणजेही अंतिम पुरावा नव्हे, स्मृतीही फिकी पडते. पण ॲपच्या अंदाजापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे, कारण त्यांना उलट प्रश्न विचारता येतो. आणि कुठे थांबायचं हे ते सांगतात.

तुमचा विषय सिनेमा नसेलही. पण पुढच्या वेळी जुनी क्लिप, जुना फोटो, एखादा जुना डेटासेट हातात आला की वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. मूळ काय आणि नंतर भरलेलं काय? हे टिपायचा खर्च कोणी केला? काय टिपायची परवानगी नव्हती? आणि त्या चौकटीबाहेर उभा असलेला कोणी अजून हयात आहे का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचं वाचन थोडं थांबवा आणि आधी त्या माणसाला भेटून या. संमती घ्या, नाव टाकू नका म्हणाले तर टाकू नका. ग्रंथालय पुढच्या वर्षीही असेल.

चुलतभावाच्या मोबाइलमध्ये ती क्लिप अजून आहे. त्याखाली त्याने एक ओळ टाकली आहे : 'भिंतीवरचा त्रिकोण लाल होता. आमच्या आजोबांनी पाहिलाय.'